कासवाला जोडीदार हवा असतो का?

"एकटं आहे बिचारं, त्याला एक जोडीदार आणा ना!"

ज्या घरात कासव आहे त्या घरात पाहुणा आला की हे वाक्य ठरलेलं. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आपली रीतच तशी आहे. एकटा माणूस दिसला की त्याचं लग्न जमवायचं, एकटं मूल दिसलं की "दुसरं कधी?" विचारायचं, आणि एकटी बाई दिसली की तिच्याबद्दल काळजी व्यक्त करून घरी जायचं. मग कासव तरी कसं सुटेल? माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्याच्याकडे जमिनीवरचं एक कासव आहे, त्याने त्याच्या सोबतीसाठी दुसरं आणू नये. आणि आपल्या देशातल्या स्टार कासवाच्या बाबतीत तर दुसऱ्याचा प्रश्नच येत नाही, कारण पहिलंही आपलं नसतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईने कासवांवर का लिहावं, असं काहींना वाटेल. कारण घरातलंच आहे. माझा भाचा आखातात एका अरबाच्या मजऱ्यावर, म्हणजे शेतघरावर, कामाला आहे. खजुराची झाडं, बकऱ्या, कबुतरं आणि एक भलंमोठं आफ्रिकी कासव, या सगळ्यांची देखभाल त्याच्याकडे. त्या कासवाच्या सोबतीला मालकाने, तिकडे त्याला अरबाब म्हणतात, बाजारातून दुसरं आणलं. त्यानंतर जे झालं ते कळल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, जाणत्यांना विचारत गेले. आता वाटतं की या गोष्टी आपल्या भाषेतही असायला हव्यात.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत 'कासव' आणि उर्दूत 'कछुआ', हे एकेक शब्द आपण समुद्रातल्या, तळ्यातल्या आणि कोरड्या रानातल्या, सगळ्यांनाच वापरतो. त्यामुळे जमिनीवरचं कासव पाण्याच्या टबात ठेवणारे लोक आपल्याकडे निघतात, आणि ते बिचारं बुडून मरतं. मी इथे प्रामुख्याने जमिनीवरच्या कासवांबद्दल बोलते आहे. गवत-पाला खाणारी, उन्हात शेकणारी, हत्तीसारख्या पायांची.

भाच्याकडचं कासव सुलकाटा जातीचं. सहारा वाळवंटाच्या दक्षिण काठाने सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंत जो कोरडा पट्टा आहे, तिथलं. अंड्यातून निघतं तेव्हा तळहातावर मावतं, जेमतेम पाच सेंटिमीटर. वाढलेला नर चाळीस-पन्नास किलोंचा सहज होतो, काही त्याहून बरेच जड. उन्हापासून वाचायला ते जमिनीत लांबलचक बीळ खणतं. पूर्ण वाढलेल्या नराच्या हनुवटीखाली, पोटाकडच्या ढालीचा एक दुतोंडी भाग नांगराच्या फाळासारखा पुढे आलेला असतो. समोरच्याच्या ढालीखाली तो घालायचा आणि उचलून उलटं करायचं, हे त्याचं काम.

मजऱ्यावर तेच झालं. दुसरं कासव आकाराने लहान होतं. पहिले काही आठवडे सगळे खूष. अरबाबची मुलं फोटो काढत, दोघं एकमेकांना चिकटून बसलेले दिसत. मग एके दुपारी झाडांना पाणी सोडायला भाचा बाहेर आला, तर लहान कासव भिंतीलगत उताणं पडलेलं. पाय हलत होते, तोंडाला फेस होता. आखातातलं दुपारचं ऊन काय असतं हे तिकडे राहिलेल्यांना सांगायला नको. कासवाची फुप्फुसं पाठीच्या ढालीला लागून असतात. ते उताणं पडलं की पोटातल्या सगळ्या अवयवांचा भार फुप्फुसांवर येतो. वर ऊन. अर्धा तास उशीर झाला असता तर ते गेलंच असतं. भाच्याने ते सरळ केलं, सावलीत नेलं, हळूहळू पाणी घातलं. संध्याकाळी सिमेंटचे ब्लॉक रचून मध्ये भिंत घातली.

अरबाब आला आणि भिंत बघून हळहळला. "हराम! दोघं भाऊ-भाऊ, कशाला वेगळे केलेस?" तिकडच्या बोलीत 'हराम' हा शब्द 'बिचारा', 'पाप रे' अशा अर्थानेही येतो. म्हणजे धन्याला भिंत हा जुलूम वाटला, आणि आधीचं सगळं भाऊबंदकीचं प्रेम. मराठीत 'भाऊबंदकी'चा जो अर्थ आहे, तो मात्र तिथे चपखल बसत होता.

हा गैरसमज एकट्या अरबाबचा नाही. कासवांचं भांडण आपल्याला ओळखू येत नाही, हे खरं दुखणं आहे. कुत्री भांडली तर गल्ली जागी होते. मांजरं भांडली तर शेजारी उठतात. कासवं गप्प भांडतात. एक दुसऱ्याच्या मागे मागे चालत राहतं, आणि आपण म्हणतो, "बघा, सोडतच नाही त्याला!" एक दुसऱ्याच्या अंगावर चढून बसतं, आणि आपल्याला ती माया वाटते. दोघं एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून बसतात. आपल्याला वाटतं ऊब घेतायत. पुष्कळदा तिथे एकच उबदार किंवा एकच आडोशाची जागा असते आणि दोघांनाही तीच हवी असते. खाणं टाकल्यावर एक मध्ये आडवं उभं राहतं, दुसरं मागे थांबतं. पायाला चावा, ढालीला धडक, ही तर त्यापुढची पायरी. तोपर्यंत हरलेल्याने खाणं सोडलेलं असतं. ते दिवसभर पाय-डोकं आत ओढून पडून राहतं किंवा भिंतीच्या कडेकडेने येरझारा घालतं.

मी शाळेत अनेक वर्षं घालवली आहेत. एका बाकावर दांडगा आणि गरीब अशी दोन मुलं बसवली, आणि गरीब मुलगा गप्प झाला, की "आता कसा शांत झाला" असं म्हणणारे शिक्षक मी पाहिले आहेत. तो शांत झालेला नसतो, दबलेला असतो. त्याच्या वहीची पानं बघितली की कळतं. कासवाच्या बाबतीत वहीची जागा वजनकाटा घेतो. दोन्ही पिल्लं एकाच दिवशी, एकाच आकाराची आणली, आणि वर्षाने एक दुसऱ्याच्या दीडपट झालं, तर "ते खादाड आहे" एवढं म्हणून सोडून देऊ नये. लहान राहिलेलं रोज कशाला तरी मुकतंय. महिन्याला एकदा वजन करून वहीत लिहावं. डोळ्यांना जे दिसत नाही ते आकडा सांगतो.

दुकानदार हमखास म्हणतो, "जोडीच न्या." आता ही जोडी कशी असते ते बघा. पिल्लू नर की मादी हे पिल्लूपणी वरून बघून सांगता येत नाही. सुलकाटाच्या बाबतीत ढाल साधारण पस्तीस सेंटिमीटरची होईपर्यंत खात्री देता येत नाही, आणि त्याला वर्षं लागतात. आणखी गंमत म्हणजे यांच्यात नर-मादी हे अंड्याला मिळालेल्या उष्णतेवर ठरतं. जास्त उष्णतेत माद्या, कमी उष्णतेत नर. म्हणजे 'जोडी' म्हणून आणलेले दोघंही नर निघू शकतात. लहानपणी निवांत राहिलेले हे दोघं वयात आले की एके दिवशी युद्ध सुरू होतं, आणि घरचे म्हणतात, "इतकी वर्षं तर चांगले राहिले!"

नर आणि मादी निघाले तर ते सुखाचं, असंही नाही. नर मादीच्या मागे लागतो, धडका देतो, पाय चावतो. मोकळ्या रानात ती निघून जाते. चार बाय सहाच्या कुंपणात ती जाणार कुठे? मागच्या पायांना आणि शेपटीजवळ जखमा, खाणं कमी, अंड्यांमागून अंडी आणि त्याने झिजलेलं शरीर, असं तिचं आयुष्य होतं. कासवाची मादी नराचं बीज शरीरात कित्येक महिने, काही वेळा काही वर्षं साठवू शकते. त्यामुळे नर हलवल्यानंतरही फलित अंडी येत राहतात. त्या पिल्लांचं काय करायचं, याचा विचार जोडी आणताना कुणी केलेला नसतो.

तिसरी गोष्ट रोगाची, आणि माझ्या मते ती सगळ्यात कमी बोलली जाते. वरून ठणठणीत दिसणारं कासव रोग वाहून आणू शकतं. नाक वाहणं आणि डोळे सुजणं यामागे पुष्कळदा मायकोप्लाझ्मा नावाचे जंतू असतात, आणि एकदा लागण झाली की जनावर आयुष्यभर ते बाळगू शकतं. युरोपातलं उदाहरण बोलकं आहे. भूमध्य समुद्राकाठची ग्रीक कासवं आणि हरमन कासवं दिसायला जवळपास सारखी. लोक ती एकत्र ठेवत. ग्रीक कासवं एक नागीण-विषाणू अंगावर बाळगून बरी राहत, आणि तोच विषाणू हरमन कासवांचा जीव घेई. म्हणून दोन वेगळ्या जाती एकत्र कधीच ठेवू नयेत. त्यांचं खाणंही जुळत नाही. सुलकाटाला कोरडं गवत, तर दक्षिण अमेरिकेतल्या लालपायी कासवाला दमट हवा आणि फळं. एकाला मानवणारं घर दुसऱ्याला आजारी पाडतं. आणि जात एकच असली तरी नव्याला काही महिने पूर्णपणे वेगळं ठेवून, भांडीकुंडीसुद्धा वेगळी ठेवून, विष्ठा तपासून मगच पुढचा विचार करावा.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. कासवं अगदीच माणूसघाणी, म्हणजे कासवघाणी, असतात असं नाही. अमेरिकेतली वाळवंटी कासवं थंडीत एकाच बिळात एकत्र झोपलेली सापडतात. गालापागोस बेटांवरची राक्षसी कासवं एकाच चिखलात लोळतात. २०१० साली बायॉलॉजी लेटर्स या नियतकालिकात ॲना विल्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छान प्रयोग आला. कुंपणापलीकडे ठेवलेल्या खाण्यापर्यंत वळसा घालून कसं जायचं, हे लालपायी कासवांना स्वतःहून जमत नव्हतं. दुसऱ्या शिकवलेल्या कासवाला तसं जाताना पाहिल्यावर ते जमलं. मला शिक्षिका म्हणून हे वाचून आनंद झाला. म्हणजे ती एकमेकांकडे बघतात, बघून शिकतात.

पण यातून दोघांना एका खोक्यात ठेवा असा अर्थ निघत नाही. वाळवंटी कासवं थंडी संपली की आपापल्या वाटेने जातात. गालापागोसच्या कासवाला चिखलातली गर्दी नकोशी झाली तर पुढे अख्खं बेट आहे. तिथे एकत्र येणंही त्यांच्या मर्जीने आणि निघून जाणंही. आपल्या टबात, गॅलरीत, शेतघराच्या कोपऱ्यात येणं आपल्या मर्जीने असतं आणि जाणं नसतंच. माझा सगळा आक्षेप इथे आहे. हरलेल्याला निघून जायला वाट नाही.

बांधून ठेवलेल्या मांजरीची हदीस आपल्या घराघरांत मुलांना सांगितली जाते. त्या बाईचा दोष मांजर पाळण्यात नव्हता. तिने मांजरीला खायलाही दिलं नाही आणि स्वतःचं स्वतः शोधून खायला मोकळंही सोडलं नाही. वाट अडवायची आणि जबाबदारीही घ्यायची नाही, यावर ती हदीस बोट ठेवते. अन्नाची थाळी समोर आहे, पण मोठं कासव आडवं उभं आहे आणि लहान उपाशी आहे, तर वाट कुणी अडवली? मोठ्या कासवाने की कुंपण घालणाऱ्याने?

मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, एकटेपणा आणि एकांत. उर्दूत तन्हाई म्हटलं की जीव कासावीस होतो, पण खलवत म्हटलं की आदराने मान झुकते. माणसाला दोन्ही माहीत आहेत, तरी दुसऱ्याकडे बघताना पहिलाच शब्द आठवतो. माझं गाव कोकणात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्लं पाण्यात जाताना बघायला दूरदूरचे लोक येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली तिथे घरटी राखायचं काम सुरू केलं. ती कासवं वेगळ्या जातीची, ऑलिव्ह रिडले, पण एक गोष्ट तिथे डोळ्यांनी दिसते. एका घरट्यात शंभरावर अंडी. आई अंडी घालून कधीच समुद्रात गेलेली. पिल्लं एकत्र बाहेर येतात आणि लाट लागली की प्रत्येक जण आपल्या वाटेने. बघणारी माणसं हळवी होतात, "आईविना लेकरं" म्हणतात. पिल्लं मागे वळूनही बघत नाहीत.

गालापागोसमधल्या पिंटा बेटावरचा शेवटचा नर कासव आठवा. १९७१ मध्ये तो सापडला. जगाने त्याला 'लोनसम जॉर्ज', एकाकी जॉर्ज, असं नाव दिलं. सोबतीला जवळच्या जातीच्या माद्या ठेवल्या, अनेक वर्षं वाट पाहिली. अंडीही झाली, पण ती फलित नव्हती. २४ जून २०१२ रोजी तो मेला आणि त्याच्याबरोबर तो वंश संपला. वंश वाचवायचा तो प्रयत्न योग्यच होता. मात्र 'एकाकी' हे नाव त्याने घेतलं नव्हतं, आपण ठेवलं होतं. त्याउलट कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ पर्यंत जगलेल्या अतिवृद्ध अल्दाब्रा कासवाचं नाव होतं अद्वैत. ज्याला दुसरा नाही असा! ठेवणाऱ्याने कोणत्या अर्थाने ठेवलं असेल ते असो, कासवाला शोभून दिसणारं नाव ते.

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रात ज्या घरांत जमिनीवरचं कासव आहे, तिथे पुष्कळदा ते पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव असतं. बरकत येते, नजर लागत नाही, पैसा टिकतो, असं सांगून ते विकलं जातं. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणणारे भोंदूही आपल्याकडे पकडले गेले आहेत. हे थोतांड सगळ्या धर्मांच्या घरांत सारखंच शिरलं आहे, आपलीही घरं त्याला अपवाद नाहीत. स्टार कासव हा वन्यजीव आहे. २०१९ मध्ये जीनिव्हाच्या परिषदेत त्याला साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात घातलं गेलं, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आहे. या अनुसूचीतल्या प्राण्यांच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. "आमच्याकडे आजोबांपासून आहे" हे कायद्यापुढे चालत नाही. आणि जे 'जोडीदार' म्हणून विकत मिळतं, ते बहुधा रानातून उचललेलं, चिकटपट्टी गुंडाळून शेकडोंच्या गर्दीत बॅगेतून आलेलं असतं. त्या गर्दीतले रोग ते तुमच्या पहिल्या कासवाला भेट देतं.

घरात असं कासव असेल तर ते शेतात किंवा नदीकाठी नेऊन सोडू नका. स्टार कासवाला नदीत सोडणं म्हणजे मारणं, आणि परक्या रानात सोडणं म्हणजे तिथल्या कासवांना रोग देणं. वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा आणि रीतसर त्यांच्या हवाली करा. बाजारात राजरोस विकली जाणारी कानामागे लाल पट्टा असलेली पाणकासवं उत्तर अमेरिकेतली. तीही मोठी झाली की चावतात, टब पुरत नाही, आणि लोक ती तळ्यात सोडून मोकळे होतात. मग ती आपल्या कासवांच्या जागा बळकावतात. तेही करू नका.

परदेशात, जिथे कायदा परवानगी देतो तिथे, ज्यांच्याकडे आधीच दोन किंवा अधिक आहेत, त्यांनी काय करावं? दोन नर असतील तर आजच भिंत घाला, आणि ती अपारदर्शक हवी. काच किंवा जाळी असली तर पलीकडचा दिसत राहतो आणि धडका चालूच राहतात. एक नर-एक मादी असेल तरी तेच. एकाच जातीच्या, सारख्या आकाराच्या माद्या मोठ्या जागेत त्यातल्या त्यात निभावतात. तिथेही खाण्याच्या जागा, उन्हाच्या जागा, लपायच्या जागा जितकी कासवं त्याहून एक जास्त ठेवा. मध्ये झुडपं, दगड असे टाका की एकाला दुसरा सतत दिसणार नाही. आणि एक रिकामं कुंपण कायम तयार ठेवा. दुसरं कुंपण घालायला जागा नाही म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या कासवालाही जागा नाही, इतका साधा हिशेब आहे.

भाच्याने मला एकदा विचारलं, "खाला, मग ते दोघं खूष असतील का वेगळे राहून?" तो स्वतः एका खोलीत आठ जणांबरोबर राहतो. बंकबेड, एकच शौचालय, एकच शेगडी. ती माणसं वाईट नाहीत, एकमेकांच्या अडीनडीला धावतात. तरी जुम्याच्या सुट्टीला तो तास-दीड तास एकटाच खजुरांच्या मागे जाऊन बसतो, फोनही नेत नाही. मी त्याला म्हटलं, खुशीचं मला सांगता येणार नाही. वजन किती आहे ते सांग. तीन महिन्यांत लहान कासवाचं वजन सव्वा किलोने वाढलं होतं.

म्हणून दुसरं कासव आणावंसं वाटलं तर आधी हे तपासा की एकटं कोण आहे. घरातलं मूल एकटं असेल तर त्याच्याशी खेळा. आपण एकटे असू तर शेजारी जा, नातलगाला फोन करा. आणि कासवाला काही द्यायचंच असेल, तर दुसऱ्या कासवाच्या पैशांत त्याचं कुंपण दुप्पट मोठं करून द्या, त्यात माती टाका, सावली करा. त्याला खणायला आवडतं.